माळ उतरवू नका

पत्र थोडक्यात असं:

"मी 66 वर्षांची आहे. माहेर आणि सासर दोन्ही फलटण तालुक्यातलं. बाविसाव्या वर्षी माळ घातली. मुलं लहान असतानाची चार-पाच वर्षं सोडली तर माउलींबरोबर पायी वारी केली, शेवटची 2019 साली. मग कोरोना आला. 2021 मध्ये हे गेले. गुडघे धरले आणि मुलानं मला चिंचवडला आणलं. सून चांगली आहे, पण रविवारी घरात मटण-अंडी होतात. तेव्हा मी खोलीचं दार लावून बसते. मला साखरेचा त्रास आहे. गेल्या महिन्यात एकादशीला साखर एकदम 54 वर आली आणि भोवळ येऊन पडले. नऊ वर्षांच्या नातवानं साखरपाणी पाजलं, वर बिस्किट खायला लावलं. 44 वर्षांची एकादशी मोडली. दिवसभर रडले मी. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, नेम पाळणं होत नसेल तर माळ उतरवून पंढरपूरला ठेवून ये, माळेचा अपमान नको. आता हरिपाठातही मन लागत नाही. कार्तिकीला मुलानं गाडीनं पंढरपूरला नेलं, तर रांगेत उभं राहून घरी कधी जाते असं झालं. इतकी वर्षं केलं ते खरं होतं का? शेवटी शेवटी देवाशी बेइमान होऊन जाणार का मी?"

ताई, रामकृष्ण हरी.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात माळेचा प्रश्न दिसला. दुसऱ्या वाचनात "हे गेले" एवढे दोन शब्द दिसले, कोरोना आणि गुडघे यांच्या मधे कुठेतरी दडवून ठेवल्यासारखे. त्यावर बोलणारच आहे. पण आधी माळेचं सांगून टाकतो, कारण त्या बाईंचं बोलणं तुमच्या जिव्हारी लागलंय आणि ते तसं लागलेलं असताना माझं बाकीचं काही तुमच्या कानात शिरायचं नाही.

माळ उतरवू नका.

आमचं गाव माळशिरस तालुक्यातलं. वडील माळकरी. मी दहा-अकरा वर्षांचा असताना ज्वारीच्या काढणीत त्यांची माळ तुटली. पेंढी खांद्यावर घेताना धाट दोऱ्यात अडकलं आणि मणी रानात सांडले. काळं रान, उन्हानं भेगाळलेलं; मणी त्या भेगांत गेले. आमच्याकडे रीत अशी की माळ तुटली तर ओवून परत गळ्यात पडेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दुपारचं ऊन डोक्यावर. वडील गुडघ्यांवर बसून बोटांनी ढेकळं चाळत होते, मी त्यांच्या बाजूला, आई पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी. तास-दीड तास गेला. दोन मणी सापडलेच नाहीत. वडलांनी आईकडून गोधडीचा दोरा मागून घेतला, होते तेवढे मणी ओवले, गाठ मारली, माळ गळ्यात घातली आणि तांब्या तोंडाला लावला. आषाढीला पंढरपुरात दोन मणी घेऊन त्यात घातले. बाकीचे मणी घामानं आणि तेलानं काळेभोर झालेले, हे दोन पांढुरके. पुढे कितीतरी वर्षं ते दोन लांबून ओळखू यायचे.

ती माळ मोडली असं आमच्या घरात कुणी म्हटलं नाही. तुटली होती, ओवली.

माझी स्वतःची गोष्ट एवढी साधी नाही. मुंबईला नोकरीला लागल्यावर चोविसाव्या वर्षी मी माळ काढली. खाणं-पिणं सुरू झालं होतं आणि माळ गळ्यात ठेवून ते करायचं, एवढं धाडस नव्हतं. गावी गेलो तेव्हा माळ देवघरात ठेवून आलो. वडील त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. अकरा वर्षांनी मी ती परत मागितली. त्यांनी देवघरातल्या डबीतून काढून दिली, बस. नंतर आईनं सांगितलं, त्या अकरा वर्षांत दर आषाढीला ते ती डबी वारीत बरोबर न्यायचे, माळ चंद्रभागेत धुवायचे आणि परत आणून ठेवायचे. माझ्या वतीनं. मला हे कळलं तेव्हा मी पस्तीस वर्षांचा बाप्या होतो आणि स्वयंपाकघरात उभा राहून रडलो.

म्हणून सांगतो, ज्यानं माळ खरोखर टाकली होती असा माणूस तुमच्याशी बोलतोय. टाकणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. त्यात माणूस रडत नाही. सुटल्यासारखं वाटतं. तुम्ही दिवसभर रडलात. हे टाकणाऱ्याचं लक्षण नाही.

आता एकादशीचं.

त्या दिवशी नक्की काय झालं ते मी पत्रावरून ताडतो. सकाळची गोळी तुम्ही नेहमीसारखी घेतली असणार आणि पोटात काही घातलं नसणार. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन पोटात अन्न आहे असं धरून काम करतात. अन्न नसलं तरी त्या थांबत नाहीत, रक्तातली साखर उतरवतच राहतात. 70 च्या खाली गेली की हातपाय कापतात, घाम फुटतो. 54 म्हणजे तर धोक्याची पातळी. आणखी खाली जाऊन बेशुद्ध पडला असतात तर नातवाला पाणीसुद्धा पाजता आलं नसतं, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती. पोरानं वेळेवर केलं आणि बरोबर केलं. आधी साखर, मग वर काहीतरी खायला. डॉक्टरही हेच सांगतात: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, वर आली की काहीतरी खाऊन घ्या.

आणि व्रताचं म्हणाल तर आपल्या धर्मशास्त्रात एक जुनं वचन आहे, कीर्तनातही ऐकलं असेल. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य म्हणजे होमात वाहायचं सात्त्विक अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. शेवटचा शब्द पुन्हा वाचा. त्या घडीला ती साखर तुमचं औषध होती, आणि बिस्किट त्या औषधाचाच उरलेला भाग. गव्हाचं होतं म्हणून तुमचा जीव तुटतोय हे कळतं मला, पण ज्यांनी हे नेम घालून दिले त्यांना आजारी माणूस माहीत होता. एकादशी आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशीच्या आत, असं म्हणणाऱ्यांनी लेकरू आणि म्हातारं माणूस दोघांचाही विचार केलेला दिसतो. आपणच त्यांच्यापेक्षा कडक व्हायचं कशाला?

पुढच्या एकादशीच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की मी वर्षाच्या चोवीस एकादश्या करते, मला सोडायच्या नाहीत, त्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते लिहून द्या. आपली माणसं डॉक्टरांपासून उपास लपवतात. तिथेच घात होतो. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, कमीही करू नका. डॉक्टर म्हणाले की पोट रिकामं ठेवायचं नाही, तर ठेवू नका. थोडी भगर, ताक, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ असं थोडं थोडं खा. साबुदाण्याच्या खिचडीवर मात्र भिस्त ठेवू नका, ती जवळजवळ सगळी पिठूळ असते, साखर सपाट्यानं वर नेते. आणि ते उपासच नको म्हणाले तर त्या दिवशी दोन घास भाजी-भाकरी खा आणि नाम घ्या. मी हे हलक्या मनानं लिहीत नाही. माझ्या आईनं शेवटची तीन वर्षं एकादशीला मऊ भात खाल्ला. पहिल्या एकादशीला घास हातात धरून ती किती तरी वेळ बसून होती.

रविवारच्या मटणाबद्दल मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही, राग धरू नका. माळकऱ्याचा नेम आपल्या तोंडापुरता असतो. मुलानं माळ घातलेली नाही, सुनेनंही नाही. तुमचा तवा, एक पातेलं, एक पळी वेगळी ठेवायची आहे असं सुनेला सांगा. चांगली आहे म्हणता, मग ती कट्ट्यावर जागा करून देईल. वास सहन होत नसेल तर त्या वेळी खाली बागेत जाऊन बसा, देवळात जा. पण दार लावून बसू नका. बंद दारापलीकडे नातवंडं जेवत असतात आणि आजी आपल्यावर रुसली आहे एवढंच त्यांना कळतं. तुमचा विठ्ठल त्यांना आवडायचा कसा मग?

आता वारी. तुम्ही लिहिलंय की गाडीनं गेले, ते काही खरं नाही. ताई, 2020 साली माउली स्वतः एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. तुम्हाला आठवत असेल. आळंदीहून पादुका बसमध्ये ठेवल्या, मोजकी माणसं बरोबर, आणि एरवी जी वाट चालायला अडीच-तीन आठवडे लागतात ती एका दिवसात संपली. पुढच्या वर्षीही तसंच. दिवे घाट मोकळा, चांदोबाच्या लिंबाला रिंगण नाही. टी.व्ही.वर ती फुलांनी सजवलेली बस बघून आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं रस्त्यावर उतरून हात जोडून उभी राहिली होती, बस तिथून जाणार नव्हती तरी. त्या वर्षी वारी झाली नाही असं कुणी म्हणतं का? परंपरा तुटली असं फडकरी, म्हणजे दिंड्यांचे प्रमुख, म्हणाले का? उलट चुकली नाही म्हणूनच सांगतात. काळ कठीण आला तेव्हा माउलींनी बस धरली. तुमच्या गुडघ्यांवर कठीण काळ आला, तुम्ही मुलाची गाडी धरली.

आणि वारी हा शब्दच बघा ना. वारी म्हणजे येरझार. जायचं आणि परत यायचं. पंढरपुरात जाऊन कायमचं राहिला तो वारकरी नव्हे. दर्शन झालं, काला झाला की परत आपल्या रानाकडे फिरला तो वारकरी. पुढच्या वर्षी पुन्हा निघायचं. या पंथानं निष्ठेचं नाव असं ठेवलंय की त्यात लांब जाणं धरलेलंच आहे. आयुष्यभर देवाला धरून राहायचं म्हणजे कधी हात सुटायलाच नको, असं तुम्ही समजून बसलात. मी अकरा वर्षं लांब गेलो होतो. तुम्ही सहा-सात वर्षं पायी गेला नाहीत एवढंच. वळून येण्याची वाट दोघांची एकच.

अरणच्या सावता महाराजांचं तुम्हाला काय सांगू. माढा तालुक्यातलं अरण पंढरपुरापासून काही फार लांब नाही, पण सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत असंच परंपरा सांगते. मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात त्यांनी विठाई पाहिली. आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. चोखोबांना तर महाद्वाराच्या आत पाऊल ठेवू दिलं नाही. त्यांची समाधी नामदेव पायरीसमोर आहे, तुम्ही दर वेळी तिथे डोकं टेकवलं असणार. जन्मभर बाहेर उभं राहून ज्यानं विठ्ठल सोडला नाही, त्याच्या माणसांना आत जायला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. वारकऱ्याची निष्ठा पायांनी, दर्शनानं किंवा गाभाऱ्यातल्या मिनिटभरानं मोजायची म्हटली तर चोखोबांना कुठे बसवाल?

रांगेत कंटाळा आला त्याचं मनावर घेऊ नका. दुखरे गुडघे घेऊन कार्तिकीच्या गर्दीत तासन्‌तास उभं राहिल्यावर कुणालाही घर आठवेल. पुढच्या वेळी मुखदर्शनाच्या रांगेतून जा, ती लवकर सरते. नाहीतर गर्दीचे दिवस टाळून साध्या दिवशी जा. तेही झेपलं नाही तर नामदेव पायरीला हात लावा, कळस बघा आणि परत फिरा. एकादशीला लाखो माणसं तेवढंच करून जातात आणि वारी पोचली म्हणतात.

आता जे खरं बोलायचं आहे ते.

"हरिपाठात मन लागत नाही." ताई, तुम्ही हरिपाठ कुठे म्हणायचात आणि आता कुठे म्हणता? मुक्कामाच्या तळावर, संध्याकाळी, पखवाजावर थाप पडल्यावर, पन्नास-साठ टाळांच्या नादात, उभं राहून, पावली टाकत. आता चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या खोलीत, दार लावून, नातवंडांच्या अभ्यासाला त्रास नको म्हणून पुटपुटत. शब्द तेच आहेत. पण हरिपाठ एकट्यानं ओठात म्हणायची गोष्ट म्हणून तुमच्या अंगात भिनलेलीच नाही. तो तुमच्या पायांत होता, शेजारणीच्या खांद्यात होता, फुगडीत होता. भाकरी एकटीनं खाल्ली तरी पोट भरतं, हरिपाठाचं तसं नाही. मन लागत नाही हा तुमच्या श्रद्धेचा दोष मी मानत नाही. तुम्ही दिंडीतून तुटलात.

आणि दिंडीत आणखी कोण होतं? पत्रात दुसऱ्या एका ठिकाणी तुम्ही सहज लिहून गेलात की "हे टाळकऱ्यांत असायचे आणि मी मागे तुळस घेऊन." दिंडीची रचना मला माहीत आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, वीणेकरी, आणि मागे बाया, डोक्यावर तुळशी-वृंदावन नाहीतर पाण्याचा हंडा. म्हणजे एवढी वर्षं तुम्ही चालताना पुढे बघायचात तेव्हा विठ्ठलाच्या वाटेवर तुम्हाला दिसायची ती त्यांची पाठ. त्यांचा टाळ शंभर टाळांत तुम्हाला वेगळा ऐकू येत असणार. आता हरिपाठ सुरू केला की तो टाळ येत नाही. मग मन कुठे जातं? तिकडेच जातं, जिथे आवाज थांबला. तुम्ही त्याला "मन लागत नाही" असं नाव दिलंय. मला वाटतं, तुमच्याकडे अजून नवऱ्यासाठी रडायचं राहिलंय आणि तुम्ही ते एकादशीच्या नावानं रडलात. 2021 चे ते दिवस आठवा. कितीजणांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही धड पाहता आलं नाही. तुमचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत नाही. पण विठ्ठलावर राग आला असेल तर तो असू द्या. त्याला सांगा.

देवावर रागावणं म्हणजे बेइमानी, असं आपल्या संतांनी कधी मानलं नाही. दुष्काळात तुकोबांची बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकान बुडालं, आणि त्यांच्याच गाथेत "माझ्या लेखी देव मेला" असा अभंग आहे. त्याचं नाव घेणार नाही, गोष्ट करणार नाही, आमचं दोघांचं तुटलं, असं म्हणतात तुकोबा. वारकऱ्यांनी तो अभंग गाथेतून काढून टाकला नाही. जनाबाईंनी विठ्ठलाला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहू शकत नाही, पण तुम्हाला ठाऊक असतील. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस असं भांडतो. तुम्ही भांडत नाही, नुसत्या गप्प झाल्यात. मला काळजी त्या गप्प होण्याची वाटते.

म्हणून एक करून बघा. पुरा हरिपाठ रोज झालाच पाहिजे हा हट्ट महिनाभर सोडा. एकच अभंग म्हणा, पण दार उघडं ठेवून, मोठ्यानं, हातात टाळ घेऊन. त्यांचे टाळ घरात असतील ना? कुठल्या तरी पिशवीत, माळ्यावर? ते काढा. पहिल्या दिवशी आवाज फुटणार नाही. रडू येईल. येऊ द्या, तो त्या दिवसाचा हरिपाठ झाला असं धरा. आणि आसपास बायकांचं भजनी मंडळ शोधा. चिंचवडमध्ये सातारा-सोलापूरकडच्या इतक्या माळकरी बाया लेकांकडे येऊन राहिल्यात की एकादशीला कुठल्याही विठ्ठल मंदिरात चार जणी भेटतील. त्यांनाही तुमच्यासारखंच दार लावून बसावं लागत असेल.

ज्येष्ठ वद्य अष्टमी आत्ताच दिनदर्शिकेत खूण करून ठेवा. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी त्या दिवशी संध्याकाळी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तुमच्या घरापासून रिक्षाचं अंतर. तुमची वारी माउलींची, ही तुकोबांची, एवढं मनात आणू नका. मुलाला घडीची खुर्ची उचलून आणायला सांगा आणि दुपारपासूनच रस्त्याच्या कडेला सावली बघून बसा. फलटण तालुक्यातलं तुमचं घर, म्हणजे आयुष्यभर तुम्ही चालत तरी होतात नाहीतर चालणाऱ्यांना वाढत तरी होतात. सुनेला घेऊन लिंबाचं सरबत करून न्या, पायांना चोळायला तेलाची बाटली न्या. तुमच्या वयाची कुणीतरी बाई टेकायला थांबेल, तिच्या टाचा भेगाळलेल्या असतील. तिच्याशी बोला. कुठलं गाव, कितवी वारी, घरी कोण. ती तुम्हाला माउली म्हणेल. किती दिवसांत तुम्हाला कुणी माउली म्हटलेलं नाही?

पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायला मात्र विसरू नका.

"इतकी वर्षं केलं ते खरं होतं का" याचं उत्तर मी द्यायला हवं होतं, पण ते तुमच्या घरात नऊ वर्षांचं होऊन फिरतंय. त्या पोराला कुणी शिकवलं होतं, पडलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं? वारीच्या वाटेवरच्या गावांत पोरं हेच बघत मोठी होतात. तुमचा मुलगा तसाच वाढला असणार, आणि त्याचा मुलगा चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आजीला पडलेली बघून घाबरून पळाला नाही. साखरेचा डबा शोधला, पेला धरला. आणि मग काय बघितलं त्यानं? आजी दिवसभर रडत होती आणि "मोडली, मोडली" म्हणत होती. त्याला एकादशी कळत नाही. आपल्या हातून आजीचं काहीतरी मोडलं, एवढंच त्याच्या मनात राहिलं असणार. महिना झाला. पोरं असलं काही बोलून दाखवत नाहीत.

हे पत्र वाचून झालं की बाकीचं सगळं नंतर. डॉक्टर नंतर, आकुर्डी नंतर. तो शाळेतून आला की त्याला जवळ बसवा, माळ त्याच्या हातात द्या, मणी मोजू द्या. आणि त्याला सांगा की त्या दिवशी तू काहीही मोडलं नाहीस.